भट्टीचा बर्नर दहा मिनिटांनी फट् फट् करतो: जेट मोठं करण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाऊण इंची पाइपचा प्रोपेन बर्नर तुम्ही घरी बनवलाय, टी च्या (टी आकाराच्या पाइपजोडाच्या) मागून जेट, म्हणजे गॅसची धार सोडणारं बारीक भोक, आणि दोन्ही बाजूंनी हवा, जेट म्हणून वेल्डिंगची ०.८ मिमीची टिप (जिच्यातून एरवी वेल्डिंगची तार सरकते). भट्टी गोल, आतून १८ सेंमी व्यास आणि ३० सेंमी लांब, एकच थर ब्लँकेट (उष्णता अडवणारी सिरॅमिक तंतूंची गादी), मागचं तोंड विटेने बंद. लोखंड लाल-नारिंगीच्या पुढे जाईना म्हणून तुम्ही टिप ड्रिल करून १.२ केली, तर दारातून हातभर पिवळा जाळ यायला लागला, त्याची भीती वाटली म्हणून प्रेशर १ बारवरून पाव बारवर आणलं, आणि आता दहा-बारा मिनिटं बरं चालतं आणि मग फट् फट् करून ज्योत पाइपच्या आत जाते. विचारलंय की टिप अजून मोठी करू का ब्लोअर लावू.

दोन्ही नको. निदान आत्ता नको.

तुम्ही याला गॅस कमी पडतोय असं समजून चाललाय आणि खरी अडचण बरोबर उलटी आहे, हवा कमी पडतेय. आणि ते फट् फट् हा त्याच्याशी जोडलेला पण वेगळा आजार आहे, त्याला वेगळंच औषध लागतं. दोन्ही एकत्र धरून इलाज करायला गेलात तर एक बरं करताना दुसरं बिघडेल, तुमचं आत्तापर्यंत नेमकं तेच झालंय. मी स्वतः पहिल्या बर्नरला हेच केलं होतं, त्यामुळे हसत नाहीये.

आधी हवेचं. एक भाग प्रोपेन नीट जळायला साधारण २४ भाग हवा लागते, वजनाने नाही, आकारमानाने. म्हणजे त्या पाइपमधून जे जातं त्यात गॅस नावापुरता, बाकी सगळी हवाच. आणि ब्लोअर नसलेल्या बर्नरमध्ये ही २४ पट हवा ओढून आणायचं काम ती सुईच्या भोकाएवढी गॅसची धारच करते, दुसरं कोणी नाही. मग ती धार जितकी बारीक आणि जोरात तितकी हवा जास्त खेचली जाते. तोंड उघडं ठेवून ‘हा’ करून सोडलेला श्वास आणि ओठ बारीक करून मारलेली फुंकर, हवा तेवढीच असते पण मेणबत्ती विझते ती फुंकरीने. तुम्ही ड्रिल मारून फुंकरीचा ‘हा’ करून टाकलात.

हिशोब बघा. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, ०.८ वरून १.२ म्हणजे कागदावर सव्वादोन पट गॅस. ०.८ लिहिलेल्या टिपचं भोक प्रत्यक्षात थोडं मोठंच असतं कारण तारेला आतून सरकायला जागा लागते, त्यामुळे खरा आकडा सव्वादोनपेक्षा कमी, पण दीडपटीच्या वर नक्की. हवा मात्र त्याच टी च्या त्याच भोकांतून आणि त्याच पाइपमधून यायची आहे, ती दीडपट होत नाही. मग उरलेला गॅस भट्टीत जळत नाही, दारापाशी बाहेरची हवा मिळाली की तिथे जळतो. तो हातभर पिवळा जाळ म्हणजे तुमच्या सिलिंडरमधली उष्णता आहे जी लोखंडाला द्यायची सोडून तुम्ही दाराबाहेर जाळताय. थोडा निळसर-नारिंगी जाळ दारातून येणं ठीक आहे, चार बोटं, सहा बोटं, मला स्वतःला तसाच आवडतो कारण लोखंडावर पोपडे कमी धरतात. हातभर नाही.

तर पहिलं काम, नवी ०.८ ची टिप आणा. ड्रिल केलेली जुनी ठेवू नका, हाताने मारलेलं भोक मधोमध राहत नाही आणि आतल्या कडेला धातूचा खरखरीत काठ राहतो, धार तिरकी जाते. टिप बसवल्यावर बर्नरच्या तोंडातून आत डोळा लावून बघा (गॅस जोडलेला नसताना, हे सांगायची गरज नाही पण सांगतो), टिप बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे. अजून खात्री करायची तर ०.७ ची सरळ कडक तार टिपमधून पुढे सरकवा आणि दुसऱ्या तोंडाला ती कुठे निघते ते बघा. पाइपच्या भिंतीला टेकत असेल तर तिथेच तुमची अर्धी हवा गेली. घरी बनवलेल्या बर्नरमध्ये मला सगळ्यात जास्त सापडलेला दोष हाच, आणि कोणी तपासत नाही कारण बाहेरून सगळं काटकोनात दिसतं.

टिप टी च्या आत किती पुढे आलीये हेही महत्त्वाचं. फार पुढे, म्हणजे पाइपच्या तोंडाशी भिडलेली असेल तर हवेला शिरायला वाट राहत नाही आणि मिश्रण गॅसकडे झुकतं. मी टिप मुद्दाम थोडी लांब ठेवून बसवतो आणि मग कानशीने मिलिमीटर मिलिमीटर कमी करत जातो, प्रत्येक वेळी कानशीनंतर भोकाची कड साफ करून, आणि ज्योत सुधारायची थांबली की मी पण थांबतो. लांब टिप कापता येते, कापलेली वाढवता येत नाही.

आता एक माझीच गंमत, कारण तुमच्याकडेही हे असू शकतं. एका बर्नरची ज्योत एकाच बाजूला झुकायची. दोन रविवार घालवले, पाइप बदलला, टी बदलला, चोक केला (हवेची भोकं थोडी झाकली), काही फरक नाही. शेवटी टिप काढून उजेडात धरली तर गोल भोकाच्या कडेला केसाएवढी पांढरी तार. आट्याला गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा धागा. तेव्हापासून टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडतो, आणि भोक कधीही स्टीलच्या तारेने खरवडत नाही, पितळ-तांबं मऊ असतं, भोक लगेच वाढतं. मागच्या बाजूने हवा मारायची, तेवढं पुरतं. रबरी नळीतून तेलकट चिकट पदार्थ येऊन बसतो तोही असाच, आधी सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवा आणि मग हवा मारा.

बरं, आता ते फट् फट्.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात उपयोगी शब्द वाटला तो दहा-बारा मिनिटं. पेटवल्या पेटवल्या आत गेली असती तर मी जेटला किंवा प्रेशरला दोष दिला असता. दहा मिनिटं नीट चालून मग बिघडतं याचा अर्थ त्या दहा मिनिटांत काहीतरी बदलतं. काय बदलू शकतं? पाइपचं तोंड तापतं. भट्टीच्या आतला दाब बदलतो. सिलिंडर गार पडतो. आणि बर्नर जी हवा ओढतो ती हवाच बदलते. यातलं तुमच्याकडे कुठलं ते मी इथे बसून शपथेवर सांगू शकत नाही, ते बर्नर किती आत घुसवलाय आणि खोली कशी आहे यावर आहे, पण कसं ओळखायचं ते सांगतो.

माझा पहिला संशय पाइपच्या तोंडावर. ज्योत पाइपच्या बाहेर राहते ती दोन गोष्टींमुळे, मिश्रण जोरात पुढे पळत असतं आणि पाइप गार असतो. प्रोपेन-हवेचं मिश्रण साधारण ४७० अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय आपोआप पेट घेतं, आणि अंधारात पाइप नुसता काळपट लाल दिसायला लागला तरी तो त्याच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे तोंड लाल झालं की तुम्ही पाइपच्या आतच काडी धरून बसलाय. त्यात तुम्ही प्रेशर पाव बारवर आणलेलं, मिश्रण रमतगमत चाललंय, आतल्या पाइपला गार ठेवायलाही तेच मिश्रण असतं आणि तेही कमी झालं. मग ज्योत मागे येणारच, नाही आली तर नवल.

ओळखायचं कसं, तर दिवे बंद करून पेटवा आणि पाइपकडे बघत बसा. तोंड लाल होणं आणि फट् फट् चालू होणं एकाच सुमारास झालं तर चोर सापडला. पाइपचं तोंड ब्लँकेटच्या आतल्या पृष्ठभागाच्या पुढे भट्टीच्या पोकळीत आलेलं असेल तर मागे ओढा, इतकं की ते अस्तराच्या जाडीतच राहील आणि पुढे रिफ्रॅक्टरीचा (उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा) थोडा बाहेर उघडणारा शंकू असेल. तो शंकूच मग बर्नरचं खरं तोंड होतो, तो लाल झाला तर होऊ दे, त्याचं कामच ते. स्टेनलेसचं तोंड लावलं तर जास्त टिकतं. पण गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर आजच काढा. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, भट्टीत दोन्ही होणार, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मला एकदा भरलाय. सकाळी उतरला, पण पुन्हा नको.

दुसरा संशय मागच्या विटेवर. बर्नर आत जितकं ढकलतो तितकं बाहेर पडायला वाट पाहिजे. भट्टी थंड असताना आतला वायू आकसलेला असतो, गरम झाली की तोच वायू कितीतरी पट फुगतो आणि बाहेर पडायला तेवढंच भोक. आत दाब धरला की बर्नरची हवा ओढायची ताकद मार खाते, कारण ती ताकद मुळात फार थोडी असते, गॅसच्या धारेने दिलेली, कोणी भाता मारत नाहीये. मग मिश्रण मंदावतं आणि अजून गॅसकडे झुकतं. तपासायला सोपं, बिघडायला लागलं की सांडशीने मागची वीट दोन बोटं सरकवा. लगेच आवाज सुधारला तर कारण तेच. आवाज म्हणजे काय तर नीट चाललेला बर्नर एकसारखा घों घों करतो, स्टोव्हसारखा. दम लागल्यासारखा वर-खाली करायला लागला की फट् यायच्याच बेतात आहे असं समजा.

तिसरं, ओढली जाणारी हवा. बर्नर भट्टीच्या माथ्यावर उभा असेल आणि दार त्याच्याच बाजूला असेल तर दारातून वर जाणारी जळकी हवा टी मध्ये शिरते. त्यात ऑक्सिजन कमी, आणि गरम म्हणून विरळ, दुहेरी नुकसान. दाराच्या वर एक आडवा पत्रा बसवून बघा, किंवा बर्नर आडवा घ्या. यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, पत्रा लावल्यावर ठेवतात.

चौथं म्हणजे सिलिंडर. द्रवाचा गॅस व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्याच अंगातून घेतो, म्हणून छोट्या सिलिंडरवर भट्टी चालवली की खालचा भाग ओला आणि मग पांढरा होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो त्यामुळे तो गार पडला तरी बऱ्यापैकी दाब देतो, पण भरलेला गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असेल तर ब्युटेन शून्याच्या जवळ पोचल्यावर जवळजवळ बसूनच राहतो. शिवाय प्रोपेन आधी उडून जातो, म्हणजे सिलिंडर संपत आला की जास्त त्रास. बर्नरच्या बाजूच्या गेजचा काटा दहा मिनिटांत आपोआप उतरत असेल तर हे कारण, नसेल तर सिलिंडरला सोडून द्या. इलाज मोठा सिलिंडर, किंवा कोमट पाण्याच्या टबात उभा ठेवणं. उभाच, आडवा केलात तर गॅसऐवजी द्रव येईल. आणि ज्योत, हीटर असलं काही त्याच्याजवळ नाही, विषय संपला.

प्रेशरबद्दल एक. तुमच्याकडे गेज आणि वर-खाली होणारा रेग्युलेटर आहे म्हणजे सुरुवात बरोबर आहे, घरच्या शेगडीचा रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास देतो आणि त्यावर हा बर्नर चालणार नाही, कितीही ड्रिल मारा. ०.८ ची टिप घालून अर्ध्या बारवर पेटवा, भट्टी तापेपर्यंत तिथेच ठेवा, मग हळूहळू १ ते सव्वा बारपर्यंत न्या. प्रत्येक बर्नरला एक खालची हद्द असते ज्याच्या खाली तो फट् करतो, ती तुमच्या बर्नरची कुठे आहे ते एकदा मुद्दाम शोधून रेग्युलेटरवर मार्करने खूण करून ठेवा. बंद करताना पण रेग्युलेटर हळूहळू फिरवत आणू नका, नाहीतर रोज त्या हद्दीतून सावकाश जाल आणि रोज फट् होईल. हाताशी बॉल व्हॉल्व्ह ठेवा आणि एका झटक्यात बंद. बंद केल्यावर उभा बर्नर चिमणीसारखा भट्टीची उष्णता वर ओढतो, टी आणि नळी तापते, म्हणून हवेची भोकं झाकून टाका किंवा बर्नर काढून ठेवा.

ज्योत आत गेली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण हेच आधी विचारायला हवं होतं. लगेच गॅस बंद. पाइप हाताला सोसेल इतका गार होऊ द्या आणि मग पेटवा. तापलेल्या पाइपवर परत पेटवलं तर परत आतच पेटणार. नळीच्या आत ज्योत जाईल ही भीती मात्र फारशी नको, जेटच्या मागे नुसता गॅस असतो, हवा नसते, आणि हवेत प्रोपेन साधारण २ ते साडेनऊ टक्के असतानाच तो पेटतो. अपवाद नवीन जोडलेली नळी, तिच्यात हवा भरलेली असते, ती बाहेर मोकळ्यात गॅसने धुऊन घ्या. पेटवताना आधी भट्टीत जळता बोळा ठेवायचा आणि मग गॅस सोडायचा, उलट नाही. पेटलं नाही तर बंद करून थांबा, प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो भट्टीच्या तळाशी आणि जमिनीवर साचून वाट बघत बसतो. जोड साबणाच्या फेसाने तपासा, प्रत्येक वेळी काही हलवलं की.

आता लोखंड पिवळं का होत नाही याचा उरलेला भाग, आणि इथे तुम्हाला ब्लोअर वाटतोय पण मला ब्लँकेट दिसतंय. १८ सेंमी व्यास आणि ३० लांबी म्हणजे साडेसात लिटरच्या वर पोकळी. पाऊण इंची एका बर्नरला मी पाच-सहा लिटरच्या पुढे जात नाही. तुम्ही २५ मिमीचा अजून एक थर लावलात तर व्यास १३ सेंमी होईल आणि पोकळी ४ लिटरच्या जवळ येते, जवळजवळ निम्मी, शिवाय अस्तर दुप्पट जाड. त्याच गॅसवर भट्टी वेगळीच वाटेल. मोठं काही तापवायचं नसेल तर मी हेच करेन. ब्लँकेट उघडं ठेवू नका, कडक करणारं द्रावण मारून वर रिफ्रॅक्टरीचा लेप द्या, सुटलेले तंतू फुफ्फुसाला वाईट, कापताना मास्क लावा. लेप पूर्ण वाळू द्या आणि पहिल्या वेळी मंद जाळावर थांबत थांबत तापवा, आत पाणी राहिलं की वाफ होऊन लेप उडतो. बर्नरचं भोक मात्र नव्या थरातून परत नीट कापून घ्या आणि पाइपचं तोंड कुठे येतंय ते परत मोजा, नाहीतर पहिल्या संशयाला स्वतःच आमंत्रण.

ब्लोअर वाईट नाही, माझी मोठी भट्टी ब्लोअरवरच आहे. पण वीज गेली की पंखा थांबतो आणि गॅस येतच राहतो, म्हणून वीज जाताच गॅस तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लागतोच, आणि मग तो वेगळाच बर्नर होतो. तुमचा आहे तो नीट होण्यासारखा आहे.

ज्योत वाचताना रंगावर एकट्यावर जाऊ नका. नवीन लेप, धूळ, लोखंडाचे पोपडे यांनी चांगली ज्योतसुद्धा पिवळट-नारिंगी दिसते, पहिल्या दोन-तीन वेळा तर हमखास. मी असं करतो, एक सळई तार ब्रशने चकचकीत घासतो, तापलेल्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवतो आणि काढून ऐरणीवर एक हलका हातोडा मारतो. जाड राखाडी पोपडे टपाटप सुटले तर हवा जास्त आहे, चोक थोडा लावा. पातळ चिकटून बसलेला काळा थर आणि दारात चार बोटं जाळ असेल तर हात लावू नका त्याला.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंत की एक खिडकी उघडी असते आणि काम झाल्यावर डोकं जड होतं. ते उन्हाने नाही. तो पिवळा जाळ म्हणजे अर्धवट जळलेला गॅस आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही. समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडी पाहिजेत आणि अलार्म लावा, नाहीतर भट्टी बाहेर काढा. हे जेट बदलायच्या आधी करा.

क्रम म्हणाल तर आधी टिप आणि तिचं मध्य, मग पाइपचं तोंड मागे, मग वीट, आणि थर सगळ्यात शेवटी, कारण थर लावला की आतलं सगळंच बदलतं आणि आधीच्यापैकी कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल आणि मध्ये भट्टी पूर्ण गार. तोंड मागे घेऊनही त्याच दहा मिनिटांना फट् आलं तर मला दोनच गोष्टी सांगा, त्या वेळी गेजवर किती होतं आणि मागच्या विटेला फट किती होती.